पोर्टफोलिओसाठी ४५ हजार भरू का?

वाचकाचं पत्र

ताई, मी बेळगावातल्या अनगोळची. टिळकवाडीतल्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय २०, उंची ५ फूट ४ इंच. गेल्या दिवाळीत खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानासाठी फोटो काढले. मोबदला म्हणून एक साडी मिळाली. तो फोटो अजून चौकातल्या बोर्डावर आहे. त्यावरून मुंबईच्या एका एजन्सीचा फोन आला. तुझा चेहरा सिनेमाचा आहे म्हणाले, खरं पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करायला पाहिजे, ४५ हजार, शनिवारपर्यंत भरायचे. रंग उजळायला एक क्रीमपण सांगितलंय. दीपिका पदुकोण आपल्याच कर्नाटकातली, तीपण मॉडेलच होती. तिनं कॉलेज सोडलं आणि पहिलाच सिनेमा शाहरुखबरोबर मिळाला. मीपण वर्षभर कॉलेज सोडून मुंबईला जावं म्हणते. आईला कसं समजावू?

उत्तर

शनिवारी पैसे भरू नकोस. बाकीचं सगळं सावकाश ठरवता येईल, हे मात्र आजच पक्कं कर.

मॉडेलिंग एजन्सीचं पोट कमिशनवर चालतं. तुला काम मिळतं, क्लायंट पैसे देतो आणि त्यातून एजन्सी आपला वाटा कापून घेते, साधारण २० टक्के. म्हणजे तुला काम मिळालं तरच तिची कमाई. जी एजन्सी काम लागण्याआधीच तुझ्याकडून पैसे मागते, तिची कमाई पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायच्या फोटोंचा संच, विकून होते, आणि पुढे तुला काम मिळो न मिळो, तिचं काही अडत नाही. ‘आमच्याच फोटोग्राफरकडून’ ही अट, ‘शनिवारपर्यंत’ ही घाई, आणि समोर न बघता, ऑडिशन न घेता ‘तुझा चेहरा सिनेमाचा आहे’ हे कौतुक, ही तिन्ही एकत्र आली की पुढचं बोलणं थांबवावं. अशाच फोनवरून ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘आर्टिस्ट कार्ड’, ‘वर्कशॉप सक्तीचं’ हेही मागतात. ऑडिशन द्यायला कुठलंही कार्ड लागत नाही. सिंटा ही कलाकारांची संघटना खरी आहे, मुंबईत आहे, पण तिचं सदस्यत्व काम करू लागल्यावर घ्यायचं असतं.

त्यांना एवढाच मेसेज पाठव: ‘मी माझे फोटो आणि व्हिडिओ मेलवर पाठवते. काम मिळाल्यावर तुमचं कमिशन त्यातून कापून घ्या. आगाऊ पैसे देणार नाही.’ खरी एजन्सी असेल तर मेल आयडी देईल. नसेल तर चिडेल किंवा लगेच रक्कम २० हजारांवर आणेल. त्यावरूनही काय ते समजून घे. आधार, पॅन किंवा ओटीपी यातलं काही त्यांना दिलं असशील, किंवा थोडे पैसे गेलेच असतील, तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर. जितक्या लवकर तक्रार जाते, तितकी रक्कम खात्यात अडवून ठेवण्याची शक्यता जास्त असते.

आता दीपिकाबद्दल. तू जे लिहिलंस त्यातलं निम्मं खरं आहे, पण जे सुटलंय तेच तुझ्या कामाचं आहे.

तिचा जन्म १९८६ चा, कोपनहेगनचा, वाढली बंगळूरला. वडील प्रकाश पदुकोण, १९८० चे ऑल इंग्लंड बॅडमिंटन विजेते. ती स्वतः राष्ट्रीय पातळीवर बॅडमिंटन खेळायची. दहावीच्या सुमारास खेळ सोडायचा आणि मॉडेलिंग करायचं असं तिनं ठरवलं. २००४ पासून पूर्णवेळ मॉडेलिंग सुरू झालं, तेही बंगळूरमधले फॅशन क्षेत्रातले जाणकार प्रसाद बिडप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली. साबणाच्या जाहिरातीनं चेहरा घरोघरी गेला, २००६ चं किंगफिशर कॅलेंडर आलं, हिमेश रेशमियाच्या गाण्याचा व्हिडिओ आला. मुंबईला गेली तेव्हा हातात कामं होती आणि राहायला मावशीचं घर होतं. तिथं तिनं अनुपम खेर यांच्या संस्थेत अभिनयाचं शिक्षण घेतलं. तिचा पहिला सिनेमा शाहरुखबरोबरचा नव्हे. तो कन्नड होता, २००६ चा ‘ऐश्वर्या’, उपेंद्रबरोबर. शाहरुखबरोबरचा ‘ओम शांती ओम’ त्यानंतर, नोव्हेंबर २००७ मध्ये आला.

आता एक गोष्ट नीट वाच. ‘ओम शांती ओम’मध्ये पडद्यावर दीपिका आहे, पण ऐकू येणारा आवाज डबिंग कलाकार मोना घोष शेट्टी यांचा आहे. तीन वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेल्या, अभिनय शिकलेल्या मुलीचा आवाज त्या वेळी वापरला गेला नाही. मॉडेलिंगनं तिला कॅमेऱ्याची भीती घालवून दिली, प्रकाश कुठून येतो ते ओळखायला शिकवलं, आठ-दहा तास उभं राहायची सवय लावली. संवाद मात्र मॉडेलिंग शिकवत नाही. जाहिरातीत तुझा चेहरा दोन सेकंद बोलतो, सिनेमात दोन पानं बोलायची असतात. पुढे २०१२ च्या ‘कॉकटेल’नंतर तिच्या अभिनयाबद्दल लोक गंभीरपणे बोलू लागले, म्हणजे पहिल्या सिनेमानंतर सहा वर्षांनी. ती वर्षं तिनं कामावर काढली, आणि मोठ्या बॅनरचा आधार असल्यामुळे काढता आली. तुझ्यामागे तो आधार नाही. म्हणून तुला तयारी आधी करून जावं लागेल.

कॉलेजचं म्हणशील तर तिनं नंतर इग्नू या मुक्त विद्यापीठात समाजशास्त्राच्या पदवीला नाव घातलं होतं, पण कामाच्या वेळापत्रकात ते बसलं नाही. काम हातात असताना शिक्षण मागं पडणं आणि काम शोधायला शिक्षण सोडणं यांत फरक आहे, हे तुझ्या आईला तुझ्याआधी कळलेलं दिसतंय.

दुसऱ्या दोघींकडेही बघ. मधू सप्रे नागपूरची, १९९२ ची मिस इंडिया, त्याच वर्षी मिस युनिव्हर्सच्या अंतिम तिघींत. रॅम्पवर तिच्या तोडीच्या फार थोड्या होत्या. सिनेमाचं काम मात्र जवळपास नाहीच, २००३ च्या ‘बूम’मध्ये काय ती दिसली. म्हणजे मॉडेलिंगमधलं सर्वोच्च यशसुद्धा सिनेमात आपोआप पोचवत नाही. सोनाली बेंद्रेनं मॉडेलिंग केलं, मग टॅलेंट सर्चमधून निवड झाली आणि १९९४ मध्ये ‘आग’ हा पहिला सिनेमा. तिथं निवडीची एक पायरी मध्ये होती. तुझ्या वाटेवरही ती असणार, आणि आता ती ऑडिशनच्या रूपात असते.

उंचीचं स्पष्ट सांगते. रॅम्पला मुलींची उंची साधारण ५ फूट ७-८ इंचांपासून पुढे बघतात, कारण कपडे एकाच मापाचे शिवलेले असतात आणि शोच्या दिवशी कोणी ते आखूड करत बसत नाही. ५ फूट ४ इंचांना रॅम्प जवळपास बंद आहे, त्यामागे वर्षं घालवू नकोस. साडी आणि दागिन्यांचे कॅटलॉग, छापील जाहिराती, टीव्हीच्या जाहिराती आणि मालिका या चारही ठिकाणी तुझी उंची चालते. मालिकेत तर बरोबरच्या कलाकारांशी मेळ बसतो म्हणून ती सोयीचीच पडते. तेव्हा तुझी वाट दीपिकाच्या वाटेपेक्षा वेगळी, छापील जाहिरातीतून मालिकेकडे आणि मग सिनेमाकडे जाणारी. कमी झगमगाटाची आहे, पण या वाटेनं माणसं पोचतात.

आता ४५ हजारांचं काम घरच्या घरी कसं होतं ते बघ. कास्टिंगवाल्यांना, म्हणजे कलाकार निवडणाऱ्यांना, सुरुवातीला सजवलेला पोर्टफोलिओ नको असतो. त्यांना ‘डिजिटल्स’ लागतात, म्हणजे मेकअप न करता, एडिट न करता काढलेले साधे फोटो. तुझी त्वचा, दात, खांदे, उंचीचं प्रमाण जसं आहे तसं त्यांना बघायचं असतं. भारी मेकअपचा फोटो पाठवला की त्यांना दुसरा मागावा लागतो, आणि शंभर जणींत दुसरा मागायला कोणी थांबत नाही.

साधा काळा अंगाबरोबर बसणारा टॉप, त्यावर अक्षरं किंवा चित्र नको. साधी जीन्स, पाय अनवाणी. कानात-गळ्यात काही नको, नखं साधी. मागं पांढरी किंवा फिक्या राखाडी रंगाची चादर, इस्त्री करून. आपल्याकडच्या घरांत हिरव्या-निळ्या भिंती असतात आणि त्या रंगाची झाक गालावर, गळ्याखाली येते. फोटो काढताना ती डोळ्यांना दिसत नाही, नंतर दिसते. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढं उभी राहा म्हणजे सावली मागं पडणार नाही. वेळ सकाळी नऊ-दहा किंवा चारनंतरची. ऊन थेट चेहऱ्यावर नको, डोळ्यांखाली खड्डे दिसतात. पावसाळ्यात बेळगावचा ढगाळ उजेड चेहऱ्याला फार चांगला, पण घरात तो पुरत नाही. कमी उजेडात फोन आपोआप त्वचा गुळगुळीत करतो आणि फोटो एडिट केल्यासारखा दिसतो. म्हणून पडवीत किंवा दारात उभी राहा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे.

फोन दुसऱ्यानं धरायचा, सेल्फी चालत नाही. चेहरा काढताना फोन डोळ्यांच्या उंचीला, चार-पाच फुटांवर आणि दोनपट झूमवर. जवळून साध्या लेन्सनं काढलं की नाक मोठं आणि कान मागं गेल्यासारखे येतात, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पूर्ण उंचीच्या फोटोला फोन कमरेच्या उंचीला, दहा-बारा फुटांवर. वरून काढलास तर पाय आखूड दिसतील आणि ५ फूट ४ चे ५ फूट १ वाटतील. पोर्ट्रेट मोड बंद, फिल्टर बंद, फ्लॅश बंद. फोटो आठच: चेहरा न हसता, चेहरा दात दिसतील असं हसून, डावी बाजू, उजवी बाजू, चेहरा थोडा तिरका, कमरेपर्यंत, पूर्ण समोरून, पूर्ण पाठमोरा. चार केस बांधून, चार मोकळे ठेवून. हे झाल्यावर वेगळे दोन साडीतले, कारण तुझं काम तिथूनच सुरू व्हायचं आहे. वजनात किंवा केसांत बदल झाला की सगळे पुन्हा काढायचे. एरवी तीन महिन्यांनी एकदा.

यावर खर्च शून्य. वर्षभरानं दोन-चार कामं झाली की बेळगावातल्याच चांगल्या फोटोग्राफरकडून तीन-चार वेषांतले फोटो काढून घे. त्याला १० हजारांच्या वर जाऊ नकोस, आणि मूळ फाइल्स मिळणार का ते आधी विचार.

मग परिचयाचा व्हिडिओ. आडव्या फोनवर, मिनिटाच्या आत. नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, केलेलं काम. मग डावीकडे वळ, उजवीकडे वळ, दोन्ही हात पुढून-मागून दाखव, हस आणि थांब. हात बघतात कारण दागिने, मोबाइल, खाण्याच्या पदार्थांच्या जाहिरातींत हात जवळून दिसतात. पंखा बंद कर, आवाज माइकवर भरतो. शक्यतो दिवसाउजेडी कर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेमवर शूट केलं की चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. फोनमध्ये २५ फ्रेमची सोय असेल तर संध्याकाळी ती वापर. मराठी, कन्नड, हिंदी असे तीन वेगळे व्हिडिओ कर, एकात तिन्ही कोंबू नकोस.

भाषा हे तुझं खरं भांडवल आहे. अंधेरीच्या आरामनगरमध्ये ऑडिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलींमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही जमणाऱ्या किती असतील याचा विचार कर. पण तिन्ही भाषा सीमाभागाच्या वळणानं येतात, ते वळण हवं तेव्हा घालता आणि काढता आलं पाहिजे. आपल्याकडे मुलीही ‘मी गेलो, मी आलो’ म्हणतात, ‘पण’च्या जागी ‘खरं’ येतं (तुझ्या पत्रातही आलंय). ग्रामीण ढंगाच्या मालिकेत हे सोनं आहे, कोल्हापूर भागात चित्रीकरण होणाऱ्या मालिकांना हाच बोलीचा लहेजा लागतो. पुण्यातल्या डॉक्टरणीच्या भूमिकेत मात्र एक ‘आलो’ निसटला की ऑडिशन संपलं. हिंदीत आपण ‘पैसा’, ‘है’ हे मराठीसारखं ‘अइ’ करून म्हणतो, तिथं तोंड मोकळं करून एकच स्वर लागतो. ‘फिर’चा फ दोन्ही ओठ मिटून येतो, ‘फ़ोन’चा दातांवरून, आपण दोन्ही एकसारखेच म्हणतो. कन्नडचं तर तुला माहीतच असेल, ‘बर्री, कूड्री’ची धारवाडी कन्नड बंगळूरच्या सिनेमात ठरावीक भूमिकांनाच चालते, एरवी तिथली कन्नड मागतात.

रोज १५ मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाच आणि फोनवर रेकॉर्ड कर. एक दिवस मराठी, एक दिवस हिंदी, एक दिवस कन्नड. ऐकताना फक्त वाक्याची शेवटची दोन अक्षरं तपास. श्वास संपल्यामुळे ती गिळली जातात आणि माइकवर वाक्य अर्धवट वाटतं. ती स्वच्छ येऊ लागली की मग भावनेचं बघायचं.

ऑडिशनमध्ये काय चुकतं? दृश्य दिल्यावर मुली लेन्सकडे बघून बोलतात. परिचय लेन्सकडे बघून द्यायचा; दृश्यात मात्र समोरून वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या बाजूला असतो, नजर त्याच्यावर ठेवायची. दुसरं, समोरचा बोलत असताना आपलं पुढचं वाक्य मनात घोकत बसतात, आणि कॅमेरा नेमका तेव्हा चेहऱ्यावर असतो. ऐकणं दिसलं पाहिजे. तिसरं, नाटकातून आलेल्या मुली शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतात. क्लोजअपला समोर बसलेल्या एका माणसापुरता आवाज पुरतो, भुवयाही तेवढ्याच कमी हलवायच्या. पहिला टेक झाल्यावर ‘आता जरा रागानं कर’ असं सांगतील. तेव्हा खरोखर वेगळं करून दाखव, कारण ते तू सूचना कशी घेतेस हे तपासत असतात.

तरीही नाटकाला पर्याय नाही, आणि ते तुझ्या दारात आहे. वरेरकर नाट्यसंघाची परंपरा टिळकवाडीतच आहे, लोकमान्य रंगमंदिरात एकांकिका होतात. जिथं तालीम चालू असेल तिथं जा आणि पहिले चार महिने मिळेल ते काम कर, प्रॉम्प्टिंगसुद्धा, म्हणजे आडून वाक्यं सुचवणं. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीला सगळ्यांची वाक्यं पाठ होतात आणि कोणाचं वाक्य का पडतं ते कळतं. बेळगावात जन्मलेले अतुल कुलकर्णी नाटकाच्याच वाटेनं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, १९९५ मध्ये तिथून बाहेर पडले आणि पुढे ‘हे राम’ व ‘चांदनी बार’साठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांनी मिळवला.

इथं पदवीचा मुद्दा येतो, आणि वर्षभर कॉलेज सोडू नकोस असं मी म्हणते ते त्यासाठी. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेतला दोन वर्षांचा चित्रपट-अभिनयाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयालाही (एनएसडी) पदवी लागते, शिवाय नाटकांत काम केल्याचे दाखले लागतात. बी.कॉम. अर्धं टाकलंस तर देशातली अभिनयाची ही दोन मोठी दारं स्वतःच्या हातानं बंद होतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. कन्नडमधून शिकायची तयारी असेल तर शिवमोग्गा जिल्ह्यातलं हेग्गोडूचं नीनासम, तिथं राहून नाट्यशिक्षण मिळतं. एनएसडीचं बंगळूर केंद्र एका वर्षाचा अभ्यासक्रम चालवतं. दरवर्षीचे नियम, वय आणि तारखा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघ, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

आणि मुंबईच्या आधी कोल्हापूर. शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून रात्री परत येता येतं. तिथं चित्रनगरी आहे, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय आहे, मालिका आणि लघुपटांना स्थानिक चेहरे लागतात. एका वाक्याच्या भूमिकेला नाही म्हणू नकोस. कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ), लूक टेस्ट (वेष-मेकअप करून बघणं), कंटिन्युइटी (एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटमध्ये तसंच ठेवणं), मार्कवर, म्हणजे जमिनीवरच्या खुणेवर, न बघता थांबणं हे सगळं त्या एका वाक्याच्या दिवसात शिकायला मिळतं. बारा तासांच्या शिफ्टमध्ये तुझं वाक्य अकराव्या तासाला येईल, तोवर चेहरा ताजा राहिला पाहिजे.

आता त्या बोर्डावरच्या फोटोकडे येऊ. मोबदला साडी, मुदत काहीच ठरलेली नाही, म्हणून तो अजून तिथं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणाराच ठरतो. म्हणजे दुकानदार. दुकानदाराशी भांडू नकोस, पुढच्या वेळी एक पान कागद कर. त्यात पाच गोष्टी हव्यात: फोटो कुठं वापरणार (दुकान, बोर्ड, इन्स्टाग्राम, वर्तमानपत्र), कुठल्या भागात, किती काळ, मुदत वाढवली तर किती पैसे, आणि त्या काळात दुसऱ्या साडीच्या दुकानाचं काम करता येणार की नाही. शेवटचं फार महत्त्वाचं. एखादा सराफ ‘फक्त आमच्यासाठी’ असं तोंडी म्हणवून घेतो आणि दोन वर्षं दुसऱ्या दागिन्यांचं काम हातचं जातं. पहिल्या कामांना एक वर्षाची मुदत पुरे. ‘बायआउट’ हा शब्द कागदावर दिसला तर समजून घे की तो फोटो ते कायमचा, हवा तसा वापरणार, आणि त्याचे पैसे वेगळे असायला हवेत.

पैशांचा हिशेब आधी समजून घे, नाहीतर पहिल्या चेकवरच मन खट्टू होतं. मुंबईत काम झाल्यावर ९० दिवसांनी पैसे मिळणं ही नेहमीची रीत आहे. समजा ६० हजारांचं काम. त्यातले १० टक्के, म्हणजे ६ हजार, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) म्हणून कापले जातात. एजन्सीचे २० टक्के, १२ हजार. हातात ४२ हजार. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर ते ६ हजार आयकर विवरण भरल्यावर परत मिळतात. बी.कॉम.ची मुलगी आहेस, स्वतःचं विवरण स्वतः भर.

ते क्रीम लावू नकोस. झटपट उजळवणाऱ्या क्रीममध्ये बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे त्वचा उजळ दिसते, मग पातळ होते, उन्हात जळजळते, लाल होते, पुरळ आणि चेहऱ्यावर केस येतात, आणि थांबवलं की सगळं आणखी उसळतं. असा चेहरा सेटवरच्या प्रकाशात मेकअपनंही झाकत नाही. लावायला सुरुवात केली असशील तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला ट्यूब दाखव. तुला लागतो तो रोजचा सनस्क्रीन, भरपूर पाणी आणि झोप. रंगावरून काम नाकारणारे भेटतील, त्यांच्याकडून काम न घेतलेलंच बरं.

आईला समजावण्याऐवजी तिच्याबरोबर काही अटी कागदावर लिही. बी.कॉम.चं तिसरं वर्ष पूर्ण. तोपर्यंत बेळगावात नाटक आणि कोल्हापूर-गोव्यापर्यंतची कामं, तीही परीक्षेचे आठवडे सोडून. मुंबईला जायचं ते सहा महिन्यांचा खर्च खात्यात जमल्यावर. अंधेरी-मालाड पट्ट्यात दोघी-तिघींत खोली, खाणं आणि प्रवास धरून महिन्याला २५ ते ३० हजार पकड, म्हणजे दीड लाख ते एक लाख ऐंशी हजार, शिवाय डिपॉझिट वेगळं. ऑडिशन दिवसा आणि ऑफिसमध्येच द्यायचं. हॉटेलची खोली, कोणाचा फ्लॅट, रात्रीची ‘मीटिंग’ यांना थेट नाही. पत्ता आणि परत यायची वेळ आईला आधी कळवलेली हवी. ‘बॉडी टेस्ट’ म्हणून कपडे उतरवलेले फोटो मागितले तर ती ऑडिशन नव्हे, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेव आणि नंबर पोलिसांना दे. सेटवर कोणी त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा एका दिवसाच्या किंवा एजंटमार्फत आलेल्या कलाकारालाही लागू होतो, तक्रार निर्मिती संस्थेच्या अंतर्गत समितीकडे किंवा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. हे दोन्ही नंबर आईच्या फोनमध्येही घालून दे.

आणि कागदाच्या शेवटी आईचीही एक अट घाल, ती काय म्हणेल ती. अशा बोलण्यातून आई तालमीच्या रात्री स्कूटरवर न्यायला यायला तयार होतात, आणि रात्री दहाला सुटणाऱ्या तालमीसाठी तुला पहिली गरज त्याचीच पडणार आहे.